खरजेवर पोटात घ्यायची गोळी : घरातल्या सगळ्यांनी घ्यायची का?

सांजवेळ

नमस्कार मंडळी. चार दिवस विचार करत होते लिहू की नको, कारण हा विषय आपण ओळखीच्यात काढतच नाही. पण आता घरात सातही जण रात्र रात्र खाजवत बसतायत आणि माझ्या डोक्यात नुसता गोंधळ झालाय.

आम्ही सांगलीजवळ राहतो, एकत्र घर. मी, नवरा, सासूबाई, दीर, जाऊ (पाचवा महिना चालू आहे), माझा मुलगा १३ वर्षांचा आणि मुलगी साडेतीन वर्षांची. मुलगा हॉस्टेलला असतो, दिवाळीला आला तेव्हा बोटांच्या बेचक्यात बारीक पुटकुळ्या होत्या. सासूबाई म्हणाल्या तिथलं पाणी मानवलं नसेल. मी मेडिकलमधून एक ट्यूब आणली, त्याने आठ दिवस खूप बरं वाटलं आणि मग जे पसरलं ते मनगट, कंबर, काखा, मांड्या सगळीकडे. मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी अंगाला लावायचं लोशन दिलं, ते फक्त मुलालाच लावलं, पंधरा दिवस छान गेले आणि परत सुरू, आणि आता मला, ह्यांना, सासूबाईंना, दीर-जावेला पण. छोटीच्या तर तळपायावर आलंय.

शेवटी परवा स्किनच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी मुलाच्या मनगटावर एक भिंग लावलं आणि मला मोबाईलवर फोटो दाखवला, केसाएवढी वाकडी पांढरट रेघ आणि तिच्या टोकाला पिटुकला तपकिरी त्रिकोण. तो म्हणे किडा. अंगावर काटा आला हो. त्यांनी आयव्हरमेक्टिन गोळ्या लिहून दिल्या, मला, ह्यांना, सासूबाईंना, दिरांना १२ मिग्रॅ, मुलाला कमी, आणि एक आठवड्याने परत तेवढ्याच. छोटीला आणि जावेला गोळी नाही, फक्त क्रीम.

गोळ्या आणायला गेले तर मेडिकलवाला म्हणतो, ताई ही तर कोरोनातली गोळी, जनावरांना पण हीच देतात, आजींना देऊ नका किडनीवर येईल. आता पुडकं टेबलावर तसंच पडून आहे. कोणी घेतलीय का ही गोळी? सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, बीपीची गोळी चालू आहे. प्लीज सांगा.

रानजाई

ताई आधी एक, मनातून लाज काढून टाका. मला होस्टेलला असताना झाली होती, आम्ही एका खोलीत सहा जणी, सगळ्यांना. रोज दोनदा आंघोळ करणाऱ्या मैत्रिणीला सगळ्यात जास्त. कोणीच कोणाला सांगत नव्हतं म्हणून तीन महिने चाललं ते. गोळी तेव्हा नाही घेतली, पांढरं झोंबणारं औषध लावायचो, अक्षरशः रडायचो लावताना.

दगडफूल

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावी दवाखाना आहे. तुमच्या डॉक्टरांनी जे दिलंय ते बरोबर आहे, पेशंट मी बघितलेला नाही म्हणून डोसचा शेवटचा शब्द त्यांचाच, पण गोळीबद्दल जे माहीत असायला हवं ते लिहितो.

खरजेचा किडा म्हणजे सूक्ष्म कोळ्याच्या जातीतला जीव. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा करत जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालते, तीच ती रेघ तुम्ही बघितलीत. नेहमीच्या खरजेत अख्ख्या अंगावर मिळून दहा-पंधराच किडे असतात. खाज त्यांच्या चावण्याची नसते, ते, त्यांची अंडी, त्यांची विष्ठा या सगळ्याची आपल्या शरीराला येणारी ॲलर्जी असते, म्हणून पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. हे फार महत्त्वाचं आहे, कारण त्या महिनाभरात माणसाला काहीच होत नसतं पण तो दुसऱ्याला देत असतो. तुमचं तेच झालं, मुलाला लोशन लावलं तेव्हा तुमच्या सगळ्यांच्या अंगावर किडे असणार, खाज नव्हती इतकंच. मुलगा बरा झाला आणि तुमच्याकडूनच त्याला परत मिळाली.

आता गोळी. ती पोटातून रक्तात जाते, रक्तातून कातडीत येते आणि किड्याच्या नसा-स्नायूंचं काम बंद पाडते, त्याला लकवा होऊन तो मरतो. माणसाच्या मेंदूत ही गोळी सहसा शिरत नाही, रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जी आडभिंत असते ती तिला परत बाहेर ढकलते, म्हणून आपल्याला त्रास होत नाही. डोस वजनावर, किलोला २०० मायक्रोग्रॅम. ६० किलोला बरोबर १२ मिग्रॅ येतात. १५ किलोच्या आतल्या मुलांना आणि गरोदर बायकांना देत नाही, त्यांच्यात पुरेसा अभ्यास झालेला नाही म्हणून. अंगावर पाजत असाल तरी डॉक्टरांना सांगायचं.

दुसरा डोस का तर गोळी अंड्यांना काही करत नाही. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, त्यातून निघालेले पिल्लू किडे मोठे होऊन स्वतः अंडी घालायच्या आत परत मारायचे. दुसरा डोस सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान. पहिल्या डोसने बरं वाटलं म्हणून दुसरा राहून गेलेले पेशंट महिन्याने परत येतात, दर आठवड्याला एखादं घर तरी असतं माझ्याकडे.

किडनीचं म्हणाल तर ही गोळी यकृतात मोडते आणि जवळजवळ सगळी शौचावाटे बाहेर जाते, लघवीतून एक टक्काही जात नाही. सासूबाईंना घ्यायला हरकत नसावी. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा लिव्हरचा जुना आजार असेल तर मात्र तेवढं डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि ती मेडिकलची ट्यूब. बहुतेक स्टिरॉइड घातलेली असणार. त्याने खाज दबते, किडा मजेत राहतो, पुरळ ओळखू येईनासा होतो. कृपा करून फेकून द्या ती.

सांजवेळ

डॉक्टर खूप खूप आभार. ट्यूबवर बघितलं, आहे हो स्टिरॉइड. तीन महिन्यांत दोन संपवल्यात मुलाने.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. कोरोनाचं म्हणताय ते आमच्याकडेच झालं, मे २०२१ मध्ये इथल्या सरकारने १८ वर्षांवरच्या सगळ्यांना ही गोळी पाच दिवस द्यायची म्हणून जाहीर केलं होतं, त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटना कोरोनासाठी वापरू नका म्हणत होती, लोक दुकानादुकानातून शोधत फिरत होते. पुढे मोठे अभ्यास झाले आणि कोरोनावर काही उपयोग नाही असंच निघालं. पण त्यामुळे झालं काय की चांगली गोळी बदनाम झाली. माझ्या आईला मागल्या वर्षी खरूज झाली तर ती हेच म्हणत होती, ती खोट्या औषधाची गोळी मी घेणार नाही. शेवटी मी स्वतः तिच्यासमोर घेतली (मलाही घ्यायचीच होती) तेव्हा घेतली तिने.

संत्र्याची_फोड

आम्ही नागपूरकर तर ही गोळी सरकारी मोहिमेतच खाल्ली ना! हत्तीरोगासाठी २०१९ ला तीन औषधं एकत्र दिली होती घरोघरी, त्यात ही होती. आशाताईंकडे उंची मोजायची पट्टी होती, वजनकाटा घेऊन कुठे फिरणार, तर भिंतीला टेकून उभं राहायचं, पट्टीवर जिथे डोकं येईल त्या खुणेप्रमाणे गोळ्या. माझ्या आईला तीन, मला चार. पाच वर्षांखालच्यांना ही गोळी नाही. समोरच घ्यायला लावायच्या, हातात देऊन जायच्या नाही. एवढ्या लाखो लोकांना दिली आहे तेव्हा मेडिकलवाल्याच्या म्हणण्यावर जाऊ नका ताई.

पाणपोई

एक शंका. आम्हाला डॉक्टरांनी उपाशीपोटी घ्या सांगितलं होतं, बहिणीला दुसऱ्या डॉक्टरांनी जेवणानंतर. नक्की काय?

दगडफूल

चांगला प्रश्न. गोळीच्या मूळ माहितीपत्रात उपाशीपोटी पाण्याबरोबर असंच आहे, ते आतड्यातल्या जंतांसाठी लिहिलेलं, तिथे औषध पोटातच राहिलं तरी चालतं. खरजेत ते कातडीपर्यंत पोचायला पाहिजे आणि तेलतुपाच्या जेवणाबरोबर घेतली तर रक्तातलं प्रमाण अडीच पटीच्या आसपास वाढतं, म्हणून खरजेसाठी आता जेवणाबरोबर घ्या असं सांगतात, अमेरिकेची रोगनियंत्रण संस्थासुद्धा तेच सांगते. मी तसंच देतो. ज्यांना उपाशीपोटी सांगितलंय त्यांनी डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, पण म्हणून आधी घेतलेला डोस वाया गेला असं समजू नका.

कण्हेर

एवढ्या गोळ्या कशाला, करंजाचं तेल लावा, कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ. आमच्या आजीने आम्हा सगळ्यांना असंच बरं केलं.

माळरान

कण्हेर, तुमच्या आजीबद्दल आदर आहे, आमच्या घरीही हेच केलं आणि म्हणूनच लिहितेय. कडुनिंबाने थंड वाटतं, वाटू दे. पण आम्ही त्यातच दीड महिना घालवला, लेकाने खाजवून खाजवून जखमा केल्या, त्यात पू झाला, आणि एका सकाळी उठला तर तोंड सुजलेलं, डोळे उघडेनात, लघवी चहाच्या रंगाची. किडनीला सूज आली होती. जखमेतल्या जंतूंमुळे होतं म्हणे तसं. नऊ दिवस दवाखान्यात होतो. आता बरा आहे, पण ते नऊ दिवस मी कधी विसरणार नाही. किडनीवर गोळी येत नाही ताई, खरूज अंगावर काढली तर ती येते.

कण्हेर

बाप रे. हे माहीत नव्हतं मला, खरंच. लेकराला जपा. आमच्याकडे गंधकाचं मलम पण लावायचे ते चालतं का?

दगडफूल

हो, गंधकाचं मलम खरं औषध आहे, पाच ते दहा टक्क्यांचं, अगदी तान्ह्या बाळांना आणि गरोदरपणात वापरतात अजून. वास येतो, कपड्यांना डाग पडतात आणि सलग तीन दिवस लावावं लागतं. सांजवेळ ताईंच्या जाऊबाईंना मात्र परमेथ्रिन क्रीम दिलंय ते सोपं आहे, गरोदरपणात चालतं. मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली, बेंबीत, काखेत, जांघेत, कुठेच सुटता कामा नये. रात्री लावून सकाळी आंघोळ, आणि मध्ये हात धुतले तर हाताला परत लावायचं, इथेच बहुतेकांचं चुकतं. छोटीला डोकं, कपाळ, कानामागेसुद्धा, डोळे-तोंड सोडून.

पवनचक्की

नेदरलँड्समधून. इथे विद्यार्थ्यांमध्ये गेली काही वर्षं खरूज प्रचंड वाढलीय, स्खुर्फ्त म्हणतात इथे, एका घरात आठ-दहा मुलं राहतात आणि एकाच सोफ्यावर लोळतात. मला झाली तेव्हा घरच्या नऊही जणांनी कॅलेंडरवर एक तारीख ठरवली, त्याच रात्री सगळ्यांनी औषध, सकाळी सगळ्यांच्या चादरी, टॉवेल, अंगातले कपडे ६० डिग्रीला, आणि धुता न येणारं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस. अंगावेगळा झालेला किडा दोन-तीन दिवसांवर जगत नाही. एक मुलगी त्या वीकेंडला घरी गेली होती, तिने चार दिवसांनी घेतलं, आणि बघा, महिन्याने परत सगळ्यांना. दुसऱ्या वेळी मात्र तिची वाट बघून एकत्र घेतलं.

जुनं_पुस्तक

कपड्यांवरून आठवलं. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये सैनिकांमध्ये खरूज फार माजली होती, सरकार ब्लँकेटं उकळण्यात हैराण. तेव्हा केनेथ मेलनबी नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १९४१ मध्ये शेफील्डला प्रयोग केले, युद्धात लढायला नकार दिलेले तरुण स्वयंसेवक म्हणून आले. त्यांना खरूज झालेल्या सैनिकांचे न धुतलेले कपडे घालायला दिले, त्यांच्याच ब्लँकेटात झोपवलं. फारच क्वचित लागण झाली. मग कळलं की हा आजार मुख्यतः अंगाला अंग लागून होतो. म्हणजे कपडे धुवाच, पण गाद्या जाळणं, घरभर फवारणी असलं काही करायची गरज नाही. सगळा जोर माणसांवर एकाच दिवशी औषध होण्यावर द्यायचा.

तेच फिजीमध्ये दिसलं. तिथे तीन वेगवेगळ्या समुदायांत तुलना केली. एकीकडे ज्यांना खरूज आहे त्यांना आणि घरच्यांना क्रीम, दुसरीकडे खरूज असो नसो सगळ्या वस्तीला क्रीम, तिसरीकडे सगळ्या वस्तीला ही गोळी. वर्षाने बघितलं तर गोळीवाल्या वस्तीत खरूज ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या आत आली, म्हणजे ९४ टक्के कमी. सगळ्यांना क्रीम दिलं तिथे ६२ टक्के कमी आणि फक्त आजाऱ्यांच्या घरात दिलं तिथे ४९ टक्के. २०१५ मध्ये छापून आलं ते. त्याच वर्षी या औषधाला नोबेल मिळालं, जपानच्या सातोशी ओमुरांना आणि विल्यम कॅम्पबेलना. ओमुरांनी शिझुओकातल्या एका गोल्फ मैदानाजवळची माती नेली होती, त्या मातीतल्या जिवाणूपासून हे निघालं. आधी गुराढोरांसाठी आलं हे खरं आहे, पण १९८७ पासून आफ्रिकेत माणसांना आंधळेपण आणणाऱ्या जंतावर फुकट वाटलं जातंय. मला हे वाचताना नेहमी भरून येतं, मूठभर माती आणि किती लोकांचे डोळे वाचले.

बांधावरून

जनावरांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, आमच्या शेजारी एकाने शेळ्यांच्या इंजेक्शनची बाटली आणली होती, त्यातलं चमच्याने घेणार होता, स्वस्त पडतं म्हणून. मी अडवला. बरोबर केलं ना?

दगडफूल

अगदी बरोबर केलंत. जनावरांचं औषध कितीतरी तीव्र असतं, त्यातले बाकीचे घटक माणसासाठी तपासलेले नसतात, डोसाचा अंदाज चुकला की चक्कर, उलट्या, झटके, बेशुद्धीपर्यंत जातं. माणसाच्या गोळ्या काही महाग नाहीत, आणि नसेल परवडत तर सरकारी दवाखान्यात विचारा.

घंटा_झाली

मी एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. हॉस्टेलचा मुद्दा मला फार जवळचा वाटतो. आमच्याकडे सव्वाशेच्या आसपास मुलं, थंडीत एका पांघरुणात दोन-दोन झोपतात. दर हिवाळ्यात खरूज. ज्याला जास्त त्याला घरी पाठवायचे, तो घरी भावंडांना देऊन परत यायचा. एका वर्षी आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडम आल्या आणि म्हणाल्या कोणाला घरी पाठवायचं नाही. शनिवारी दुपारी जेवणाच्या पंगतीतच वजन बघून गोळ्या दिल्या, मुलांना, आम्हाला, स्वयंपाकाच्या मावशींना, वॉचमनला, त्याच्या बायकोला. लहानग्यांना क्रीम. पांघरुणं दोन दिवस पत्र्यावर उन्हात. पुढच्या शनिवारी परत. तिसऱ्या आठवड्यात रात्री राउंड मारायला गेलो तर दालनात शांतता, नाहीतर रोज खर्र खर्र आवाज असायचा खाजवण्याचा. त्या रात्री मी बराच वेळ दारात उभा होतो.

ताई, हॉस्टेलला कळवल्याशिवाय मुलाला परत पाठवू नका एवढीच विनंती.

सांजवेळ

सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत. काल रविवारी रात्री वरणभात-तुपावर आम्ही चौघांनी आणि मुलाने एकत्र गोळ्या घेतल्या. मुलाचं वजन ३८ किलो, त्याला साडेसात मिग्रॅ लिहिलं होतं. सासूबाईंनी देवापुढे ठेवून मग घेतली. जावेला क्रीम मी लावलं, पाठीला तिचा हात पोचत नव्हता, आणि छोटीच्या हातात मोजे घालून झोपवलं म्हणजे क्रीम तोंडात जाणार नाही. सकाळी सगळ्या चादरी कढत पाण्यात, वाकळ आणि रग पिशवीत बांधून माळ्यावर.

सांजवेळ

चौथा दिवस. घाबरून लिहितेय, ह्यांची खाज वाढलीय उलट. गोळी लागू नाही का पडली?

दगडफूल

घाबरू नका. मेलेले किडे कातडीतच असतात, ते झडेपर्यंत ॲलर्जी चालू राहते, पहिल्या काही दिवसांत वाढूही शकते. पूर्ण औषध झाल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहते. खोबरेल तेल लावा, झोपताना खाजेची गोळी तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. काखेत किंवा गुप्त जागी टणक गाठी असतील तर त्या काही महिनेही टिकतात, त्या म्हणजे जिवंत खरूज नव्हे. नवीन रेघा, नवीन पुटकुळ्या दिसायला लागल्या तरच परत दाखवा. आणि खाज वाढली म्हणून मधेच जास्तीची गोळी कोणी घेऊ नका.

तुळशीकट्टा

माझ्या वडिलांचा अनुभव टाकते, कोणाला उपयोग होईल. पॅरालिसिसनंतर अंथरुणावर होते, हाताच्या तळव्यावर जाड पिवळट खपल्या आल्या, खाज अजिबात नाही, आम्ही सोरायसिस समजून चाललो. खपली तपासली तर त्यात शेकड्याने किडे. त्याला खपल्यांची खरूज म्हणतात, अशा माणसाच्या अंगावर हजारो-लाखो असू शकतात. त्यांना दोन डोस पुरले नाहीत, पाच डोस ठराविक दिवसांनी आणि बरोबर क्रीम पण. सांभाळणाऱ्या मावशींना, त्यांच्या दोन मुलांना, सगळ्यांना द्यावं लागलं. अंथरुणावरच्या म्हाताऱ्या माणसाच्या खपल्या दिसल्या तर लवकर दाखवा.

सांजवेळ

आज आठवा दिवस, दुसरा डोस झाला. ह्यांची खाज निम्म्यावर आलीय, सासूबाई काल पहिल्यांदा सलग पाचपर्यंत झोपल्या. छोटीच्या तळपायावरचे फोड सुकलेत, क्रीमचा दुसरा हात आज रात्री. मेडिकलवाल्या दादांनाही सांगून आले की आजींनी घेतली, काही झालं नाही, ते ऐकून घेत होते.

हॉस्टेलच्या सरांना फोन केला. आधी म्हणाले आमच्याकडे असलं काही नाही. मग मी मुलाच्या मनगटाचा तो फोटो पाठवला, तर अर्ध्या तासाने त्यांचाच फोन, त्या खोलीतल्या अजून तिघांना आहे, रात्री बघितलं त्यांनी टॉर्च लावून. शनिवारी डॉक्टरांना बोलावणार आहेत, पूर्ण मजल्याला. तिघांपैकी दोघांच्या आयांचे नंबर मिळालेत, त्यांच्या घरी धाकटी भावंडं आहेत म्हणे. स्वयंपाक उरकला की दोघींना फोन करते.